थेरपीसाठी शेत विकण्याआधी: लहान स्वमग्न मुलाच्या खर्चाचा हिशोब

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. नाशिकच्या डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असं निदान केलं. आठवड्यातून पाच दिवस ऑक्युपेशनल थेरपी (खेळ, हालचाल आणि रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी), स्पीच थेरपी आणि स्पेशल एज्युकेशन घ्या, असं एका केंद्रात सांगितलं आणि महिन्याचा खर्च १८ हजार काढून दिला. घरी चार एकर आहे, कापूस आणि थोडी केळी. एक एकर विकावं का, पुण्याला खोली घेऊन राहावं का, सरकारकडून काही मिळतं का, असं त्या विचारतात. सासूबाई म्हणतात, "त्याना बाप बी उशिरा बोलना व्हता."

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. जळगाव-धुळ्याकडच्या मुलांसोबत माझं बरंच आयुष्य गेलं आहे, म्हणून उत्तर थोडं लांब देते.

शेत विकू नका. १८ हजारांप्रमाणे वर्षाचे २ लाख १६ हजार होतात, आणि थेरपी एका वर्षात आटोपत नाही. मूल शाळेत जातं तेव्हा गरज बदलते, वयात येतं तेव्हा पुन्हा बदलते. पहिल्या दोन वर्षांत घरातली सगळी पुंजी ओतून तिसऱ्या वर्षी थेरपी पूर्ण बंद पडलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. अशा घरातलं मूल मागे पडतंच, आणि आईबाप थकून, कर्जात बुडून, एकमेकांवर चिडलेले असतात. तुम्हाला जो खर्च लागेल तो सात-आठ वर्षं न थांबता झेपेल असाच हवा. एकरभर शेत गेलं तर त्याचं उत्पन्नही कायमचं गेलं, आणि या मुलाच्या मोठेपणी तेच शेत त्याचा आधार असणार आहे.

आता त्या १८ हजारांकडे पाहू. तुमच्या मुलाला भरपूर सराव लागणार, यात शंका नाही. पण तो सगळा सराव केंद्रातच व्हावा असं काही नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक अभ्यास झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन पालकांना मुलाशी कसं खेळायचं, कसं थांबायचं, त्याच्या इशाऱ्याला कसा प्रतिसाद द्यायचा हे शिकवलं. पालकांच्या वागण्यात फरक पडला आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. आपल्यासारख्याच घरांतला हा अनुभव आहे. म्हणून माझा आग्रह असा की पैसा खर्च करायचा तो तुम्ही स्वतः शिकण्यासाठी. थेरपिस्टने मुलाला आत नेलं, दार लावलं आणि पाऊण तासाने बाहेर आणून दिलं, तर त्या पैशातून तुमच्या हातात काहीच आलं नाही.

समजा एका सेशनचे ४०० रुपये आहेत. आठवड्यातून दोन वेळा जा, आणि प्रत्येक वेळी ऑक्युपेशनल आणि स्पीच दोन्ही एकाच दिवशी लागोपाठ घ्या. आठवड्याचे १६००, महिन्याचे ६४०० झाले. पहिले तीन महिने हे करा आणि दोन्ही सेशनमध्ये तुम्ही आत बसा. त्यानंतर घरची पद्धत बसली असेल तर आठवड्यातून एक फेरी, म्हणजे महिन्याला ३२०० रुपये. पूर्ण वर्षाचा खर्च ४८ हजार होतो. पाच दिवसांच्या पॅकेजच्या चौथ्या भागाहूनही कमी. मात्र हे सगळ्या मुलांना सरसकट लागू नाही. मूल स्वतःला इजा करत असेल, फिट येत असतील, रात्र-रात्र झोपत नसेल किंवा दोन-तीन पदार्थांपलीकडे काहीच खात नसेल, तर जास्त मदत लागते, आधी डॉक्टरही लागतात. तिथे फेऱ्या कमी करून पैसे वाचवू नका.

घरी म्हणजे काय करायचं, तेही सांगते, कारण 'घरी सराव करा' एवढंच सांगितलं की आई घाबरते. वेगळी खोली आणि महागडी खेळणी लागत नाहीत. केळं सोलून अख्खं हातात देऊ नका. एक तुकडा द्या आणि थांबा. त्याने तुमच्याकडे पाहिलं, हात धरला, 'अं' केलं, काहीही केलं, की लगेच दुसरा तुकडा द्या आणि 'केळं' म्हणा. आंघोळीचा तांब्या अर्ध्यावर धरून थांबा. कापूस वेचताना त्याला सोबत न्या, मूठभर कापूस टोपलीत टाकणं हे हातांचं उत्तम काम आहे. दिवसभरात दहा-दहा मिनिटांचे सहा-सात प्रसंग असे जमले की झालेला सराव तासाच्या वर जातो. आणि घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच बोला. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं अडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. आजी ज्या भाषेत लाड करते ती बंद केली, तर त्याच्याशी बोलणारं एक माणूस कमी होतं.

सरकारी मदतीबद्दल बोलायचं तर सगळ्याची किल्ली एकच आहे, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, सेतू केंद्रातूनही भरून देतात. त्यानंतर सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणी होते. ऑटिझमसाठी 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० किंवा जास्त गुण आले की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व धरलं जातं, आणि बहुतेक योजनांची अट ४० टक्क्यांचीच आहे.

तपासणीच्या वेळी बहुतेक आयांचं एक होतं. डॉक्टर विचारतात, "हाक मारली की बघतो का?" आई म्हणते, "हो, बघतो ना, तसं त्याला सगळं कळतं." लेकराची बाजू घेणं हा आईचा धर्मच आहे, पण तिथे मोजलं जातं ते त्याला लागणारी मदत. दहा हाकांत एकदा बघत असेल तर तेच सांगा. लग्नात, बाजारात, एसटीत काय होतं ते सांगा. जमलं तर मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन ठेवा: एकटा खेळताना, जेवताना, गर्दीत. नाशिकचे कागद, आधार, रेशनकार्ड आणि फोटो सोबत न्या. मूल पाच वर्षांच्या आत असल्याने प्रमाणपत्र तात्पुरतं मिळेल आणि पुढे पुन्हा तपासणी होईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

'प्रमाणपत्र घेतलं की पोरावर शिक्का बसला' असं नातेवाईक म्हणतील. मी ते दर आठवड्याला ऐकते. हा कागद तुमच्या ट्रंकेत राहतो, दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवता. पण त्याच्याशिवाय पुढे सांगणार आहे त्यातलं जवळपास काहीच मिळत नाही.

पूर्ण मोफत असलेली जागा म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा हा भाग आहे. २०१३ साली तो देशभरासाठी आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात आणि ऑटिझम त्यांच्या यादीत आहे. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतात. अंगणवाडी सेविकेला सांगून पथकाकडून चिठ्ठी घ्या, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी दारोदार विचारत फिरावं लागणार नाही. तिथे रोज जागा मिळेलच असं नाही, कधी एखादं पद रिकामं असतं. तरी पहिली कानाची तपासणी आणि पूर्ण मूल्यमापन तिथे करून घ्या. कान तपासल्याशिवाय स्पीच थेरपी सुरू करू नये, आणि बाहेर ही तपासणी महाग पडते. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्या घरांनी तर या चिठ्ठीची झेरॉक्स सोबतच ठेवावी. नाही तर परत आल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आता निरामय. पालकांना सगळ्यात कमी माहीत असलेली आणि थेरपीच्या खर्चाला थेट भिडणारी हीच योजना आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ही आरोग्य विमा योजना आहे. हा न्यास १९९९ च्या कायद्याने स्थापन झाला, तो चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी आहे आणि ऑटिझम त्यातला एक. वर्षाला एकूण १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. नोंदणीचं शुल्क दारिद्र्यरेषेखालील घरांना २५० आणि इतरांना ५०० रुपये. विमा देण्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही. बाजारातल्या बहुतेक विम्यांत रुग्णालयात भरती व्हावं लागतं. निरामयमध्ये बाह्यरुग्ण उपचार आणि नियमित थेरपीचाही खर्च मिळतो. पूर्ण लाख थेरपीला मिळत नाही, आतल्या प्रत्येक प्रकाराला वेगळी मर्यादा आहे. नोंदणी करताना थेरपीची त्या वर्षाची मर्यादा विचारून घ्या आणि तेवढीच रक्कम हिशोबात धरा.

पैसे आधी तुम्ही भरायचे, मग बिलं देऊन परत मिळवायचे. इथेच लोक अडकतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली थेरपीची चिठ्ठी हवी. प्रत्येक सेशनचं बिल हवं, त्यावर तारीख, थेरपीचा प्रकार, थेरपिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात, ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे होते. वहीच्या कागदावर 'मिळाले' लिहून देणाऱ्या ठिकाणी पैसे भरत राहिलात तर दावा मंजूर होणार नाही. विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, त्यामुळे जानेवारीत नोंदणी केली तर तीनच महिने हातात राहतात. दरवर्षी नूतनीकरण करा, आणि दावा महिन्याच्या महिन्याला पाठवा, साचवू नका. राष्ट्रीय न्यासाशी नोंदणी असलेल्या संस्था हा अर्ज भरून देतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड यांच्यावर मात्र थेरपीसाठी विसंबू नका. ती कार्डं मोठ्या आजारात, भरती व्हावं लागलं तर फार कामाची आहेत, जरूर काढा. दर आठवड्याची स्पीच थेरपी त्यांत बसत नाही.

दर महिन्याला थोडे पैसे हातात येण्यासाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची शाखा गाठा. दिव्यांगांसाठी तिथली कौटुंबिक उत्पन्नाची अट वर्षाला ५० हजारांची आहे आणि दिव्यांग लाभार्थींची रक्कम २०२५ मध्ये १५०० वरून २५०० झाली. मूल अल्पवयीन असल्याने अर्ज पालकांमार्फत कसा घेतात ते तिथेच विचारा. चार एकरवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यावर अडचण येऊ शकते, पण विचारायला जाण्याआधीच स्वतःला बाद करू नका.

ग्रामपंचायतीचं मात्र सोडू नका. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद या सगळ्यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गाव लहान असेल तर रक्कम छोटी असेल. अनेक गावांत तो निधी सगळ्यांना सारखा वाटून टाकतात किंवा तसाच पडून राहतो. लेखी अर्ज द्या, यूडीआयडीची प्रत जोडा, 'मुलाच्या थेरपी व प्रवासासाठी अर्थसाहाय्य' असं स्पष्ट लिहा, आणि पोच घ्या. मग ग्रामसभेत विषय काढा. बाईमाणसाने ग्रामसभेत उठून बोलायचं कसं, असं मनात येईल. गावात अजून एक-दोन दिव्यांग मुलांच्या आया असतील, त्यांना सोबत घ्या. तिघींनी मिळून विचारलेला प्रश्न टाळणं अवघड जातं.

प्रवासाचा खर्च थेरपीइतकाच जड होतो, विशेषतः धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या वरच्या गावांना. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं तिकीट लागत नाही. म्हणजे आई आणि लेकरू मिळून अर्ध्या तिकिटात जाऊन येतात. वडिलांची रोजची मजुरी किंवा शेतातला दिवसही मोडत नाही. पुढे दिव्यांग म्हणून मुलाला वेगळी सवलत मिळते. म्हणून सांगते, गाडी करून जाऊ नका, आणि दोन्ही थेरपी एकाच दिवशी ठेवायला केंद्राला सांगा.

हे वाचणाऱ्यांत नोकरदार पालकही असतील. भुसावळला रेल्वेत, वरणगावच्या आयुध निर्माणीत, जिल्हा परिषदेच्या शाळांत. तुमच्यासाठी पैसे वाचवायच्या वाटा वेगळ्या आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मुलांचा शिक्षण भत्ता मिळतो, तो दिव्यांग मुलासाठी दुप्पट आहे. आईला मिळणाऱ्या बालसंगोपन रजेत दिव्यांग मुलाच्या वयाची मर्यादा नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदलीत दिव्यांग मुलाचे पालक म्हणून विशेष संवर्गात मागणी करता येते, ती थेरपीच्या गावाजवळ यायला वापरा. आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०डीडीखाली दिव्यांग अपत्यासाठी ७५ हजारांची ठोक वजावट होती, ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची, खर्च किती झाला ते न पाहता. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून सीएंना क्रमांक न सांगता 'दिव्यांग अवलंबिताची वजावट' असं सांगा. नव्या करपद्धतीत ही वजावट मिळत नाही, पण तिथे १२ लाखांपर्यंत करच लागत नाही. त्यामुळे दोन्ही मांडून बघा. महाराष्ट्रात पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर वर्षाला २५०० असतो, त्यातूनही दिव्यांग मुलाच्या पालकांना सूट आहे. प्रमाणपत्र कार्यालयात दिलं नाही म्हणून वर्षानुवर्षं हा कर भरत राहिलेले पालक माझ्याकडे येतात.

आता कुठे खर्च करू नये, हे मी जरा कडकपणे सांगते. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडायचा उपचार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेल थेरपीची शिफारस नाही आणि तिचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तरी लाखांचे आकडे सांगून आईबापांना बोलावलं जातं. लोक त्यासाठी सोनं गहाण ठेवतात. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या पेटीत बसवणं आणि 'शरीरातले जड धातू काढणं' हेही तसंच. धातू काढायच्या औषधांनी तर जिवाला धोका होऊ शकतो. 'सहा महिन्यांत नॉर्मल' अशी हमी जिथे मिळते तिथून उठून या. सहा महिन्यांचे पैसे एकरकमी आगाऊ मागणाऱ्या ठिकाणीही भरू नका. ज्या केंद्रात तीन महिन्यांची तीन-चार उद्दिष्टं साध्या मराठीत लिहून देतात, तुम्हाला आत बसू देतात आणि घरी काय करायचं ते करून दाखवतात, ते केंद्र इमारतीने साधं असलं तरी चांगलं.

शेतकरी घरात पैसा महिन्याला येत नाही, आणि थेरपी दर आठवड्याला लागते. कापूस विकला की किंवा केळीची कटाई झाली की त्यातून वर्षाचे ४८ हजार आणि प्रवासाचे पैसे पहिल्यांदा बाजूला काढा, मुलाच्या नावाच्या वेगळ्या खात्यात टाका आणि त्यातून सेशनप्रमाणे भरत जा. बियाणं-खताच्या पैशासारखंच हे पेरणीआधीचं पक्कं देणं समजा. पावसाळ्यात हात रिकामा असतो तेव्हा बहुतेक मुलांची थेरपी तुटते, ती या एका गोष्टीने टिकते.

पुण्याला जायचं म्हणता, तर कायमचं बिऱ्हाड हलवू नका. तिथलं खोलीभाडं थेरपीपेक्षा जड होईल, नवरा इथे आणि तुम्ही तिथे अशी फाटाफूट होईल, आणि आजी-आजोबा, चुलत भावंडं, गोठ्यातली वासरं हे सगळं मुलापासून तुटेल. त्याला माणसांत राहायचा सराव यांच्यातूनच मिळतो. इथे अडलंच तर महिनाभर जाऊन पद्धत शिकून या आणि पुढे महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर सल्ला घ्या.

अंगणवाडीत नाव आत्ताच घाला. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती ठरवून दिली आहे, त्यामुळे सेविकेला 'नाही' म्हणता येत नाही. सहाव्या वर्षी शाळेत नाव घालताना तालुक्याच्या गट साधन केंद्रात सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांना भेटा. त्यांची मदत मोफत आहे, आणि त्या वेळी बाहेरच्या स्पेशल एज्युकेशनचा खर्च बराच कमी करता येतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा मुलगा उशिरा बोलला असेलही. पण उशिरा बोलणारं मूल बोट दाखवतं, डोळ्यांत बघतं, खुणा करतं. पुढच्या सेशनला त्यांनाच सोबत घेऊन जा आणि आत बसवा. केळ्याचा तुकडा देऊन थांबायचं काम घरात सगळ्यात जास्त वेळा त्यांच्याच हातून होणार आहे, त्यामुळे थेरपिस्टने ते त्यांना दाखवायला हवं. आणि या आठवड्यात बाकी काही झालं नाही तरी यूडीआयडीचा अर्ज तेवढा भरून टाका. बोर्डाची तारीख मिळायला वेळ लागतो, आणि निरामयची नोंदणी त्या कागदाशिवाय सुरूच होत नाही.